ठाणें-कल्याणच्या रस्त्यांवर सायकलस्वाराची वहिवाट

१

मराठेशाहींत वतनाचा किंवा वाटेचा तंटा गोतापुढें आला म्हणजे वादी-प्रतिवादींस पहिला प्रश्न एकच होई : तुमच्या म्हणण्यास आधार काय? याज्ञवल्क्यस्मृतींत मानवी प्रमाणें तीन सांगितलीं आहेत. लिखित, भुक्ति आणि साक्षी. महजर व निवाडपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस ठाऊकच आहे कीं, सनद हातीं असो वा नसो, भोगवटा अखंड चालत आला कीं नाहीं याचा शोध गोतसभा बारकाईनें घेत असे. प्रस्तुत लेखांत हीच पद्धति आम्ही एका अर्वाचीन वादास लावून पाहणार आहों. वाद असा : ठाणें, कल्याण व डोंबिवली या नगरांच्या रस्त्यांवरून रोज सायकलीनें कामास, शाळेस किंवा बाजारास जाणाऱ्या माणसाचा त्या रस्त्यांवर कांहीं स्वतंत्र हक्क आहे काय? कीं मोटारींस वाट देऊन उरेल तेवढ्या कडेनें त्यानें जीव मुठींत धरून जावें?

हा विषय नगररचनाकारांचा आहे, संशोधकांचा नव्हे, असें कोणी म्हणतील. आमचें मत निराळें आहे. सायकलस्वारासाठीं रस्त्यांत कांहीं करावयाचें म्हटलें म्हणजे तें एक नवीन औदार्य आहे, हौशी लोकांसाठीं काढलेली सवलत आहे, अशा भाषेंत बोलण्याचा प्रघात पडला आहे. सवलत देणारा ती केव्हांही परत घेऊं शकतो. उलट, हा मनुष्य या रस्त्यांचा जुना वहिवाटदार असेल, तर प्रश्न सवलतीचा न राहतां बेदखलीचा होतो, आणि बेदखल झालेल्यास परत कबजा देणें हें औदार्य नसून न्याय होय. दोहोंपैकीं खरें कोणतें हें पुराव्यावांचून ठरणार नाहीं; आणि पुरावा शोधणें, पारखणें व राखणें हें तर आपल्या मंडळींचेंच काम आहे.

२

प्रथम भुक्ति. या नगरांचे रस्ते कोणाच्या पायांनीं घडले तें पाहूं.

कल्याणचें नांव कान्हेरीच्या लेण्यांतील दात्यांच्या लेखांत येतें आणि 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांतही तें बंदर म्हणून आढळतें. उल्हास नदीच्या बंदरांतून माल चढे, आणि नाणेघाटांतून जुन्नराकडे ओझ्याच्या जनावरांवर जाई. इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण घेतलें, तें या बंदराचें व या मार्गाचें महत्त्व जाणूनच. पेशवाईंत कल्याण हें सुभ्याचें ठिकाण झालें व रामाजी महादेव बिवलकरांसारखा कर्ता सुभेदार तेथें नांदला. त्या काळच्या व्यवहाराच्या खुणा गांवाच्या नांवांत अद्याप आहेत. बैलबाजार हें नांव तेथें कशाची उलाढाल होई तें सांगतें. पारनाका हें नांव झाडाचा पार आणि नाका या दोहोंची आठवण ठेवतें.

ठाण्याचेंही असेंच आहे. शिलाहारांचें श्रीस्थानक तें हेंच. शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट १७८७ मध्यें ठाण्याच्या किल्ल्यांत खणतांना सांपडला, व शिलाहारांच्या इतिहासाचीं पहिलीं साधनें जगापुढें आलीं त्यांत त्याची गणना होते. १७३० मध्यें पोर्तुगीजांनीं किल्ला बांधण्यास आरंभ केला, १७३७ मध्यें तो मराठ्यांनीं घेतला, १७७४ मध्यें इंग्रजांनीं. राज्यें बदललीं, पण चेंदणी, खारकर आळी, टेंभी नाका, जांभळी नाका हीं वस्तीचीं नांवें टिकलीं. नाका या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. नाका म्हणजे जेथें प्रवाशानें थांबावें, मालाची जकात द्यावी व मग पुढें जावें असें ठिकाण. ज्या नगराचे चौक 'नाके' म्हणून ओळखले जातात त्या नगराचा रस्ता थांबत थांबत, मंद गतीनें चालण्यासाठीं घडलेला आहे, हें वेगळें सिद्ध करावयास नको.

रस्त्याचे तंटे तोडणारा अधिकारीही आपल्याकडे होता. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे वाद मिटविण्याचें काम असे. म्हणजे रस्ता ही सर्वांच्या वहिवाटीची जागा असून तेथें एकानें दुसऱ्याची अडवणूक करूं नये, हें तत्त्व इंग्रजी अमलाबरोबर आलें असें नाहीं. पादचारी, डोलीवाले, ओझ्याचे बैल, गाडे हे सर्व त्या रस्त्याचे समाईक धनी होते. त्यांच्या गतींत फरक होता, पण एकाच्या गतीनें दुसऱ्याचा प्राण जावा इतका नव्हता. सायकल या समाईक कुळांत पुढें मिसळली, आणि कोणाचाही भोगवटा न मोडतां मिसळली, हा या प्रकरणांतील मुख्य मुद्दा आहे.

३

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली. १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोहोंचली. कल्याणची नगरपालिका १८५५ सालची आणि ठाण्याची १८६३ सालची. आगगाडीमुळें नगराचें तोंड बंदराकडून स्टेशनाकडे वळलें, आणि घरापासून स्टेशनापर्यंत दररोज एकदां जाणें व एकदां येणें असा एक नवा प्रवास जन्मास आला. हा प्रवास पायीं लांब पडे व गाडीभाड्यास महाग पडे. त्याच्या मापाचें वाहन अजून यावयाचें होतें.

तें वाहन इंग्लंडांत घडत होतें. सारख्या दोन चाकांची, मागील चाक सांखळीनें फिरविणारी सायकल स्टार्ली यानें १८८५ मध्यें सिद्ध केली. १८८८ मध्यें डनलॉप यानें तिला हवेचे टायर दिले. आपल्याकडे याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. १९१० मध्यें वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या सर्व कारखानदारीचें मूळ त्या लहानशा दुकानांत आहे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासांत प्रसिद्धच आहे. मुंबईहून आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तरुण सोबत्यांसह ऑक्टोबर १९२३ मध्यें सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि हे तिघे ती पुरी करून मार्च १९२८ मध्यें परतले. श्रीमंतांची चैन म्हणून आलेली ही पायगाडी तोंवर कारकून, शिक्षक, तारवाला, पोस्टमन व गिरणीकामगार यांच्या हातीं गेली होती. १९३९ च्या सुमारास मुंबईंत हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनपत व लुधियाना येथील कारखान्यांनीं ती अधिकच सुलभ केली.

ठाणें जिल्ह्यांत तिला काम पुरेसें होतें. ठाण्यास लोंकरीची गिरणी होती, ती १९२५ मध्यें रेमंडांकडे आली. शहाड-मोहनें येथें रेयॉनचे कारखाने निघाले. १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटींतच. त्याच दशकांत डोंबिवलीसही औद्योगिक वसाहत आली. कामगाराचें घर कारखान्यापासून कोसा-दीडकोसावर, पाळी भल्या पहाटेची किंवा मध्यरात्रीची, आणि त्या वेळीं गाडीघोडा मिळण्याची शाश्वति नाहीं. अशा माणसास सायकल ही चैन नव्हती. ती पाळी गांठण्याचें साधन होती. येथवर भोगवटा स्पष्ट आहे. नंतर आलेल्या मोटारीनें या रस्त्यांत प्रवेश केला तेव्हां सायकलस्वार तेथें आधींपासून होता.

४

आतां लिखित.

रस्त्यावर सायकल हें वाहन आहे कीं नाहीं हा वाद इंग्लंडांत न्यायालयापर्यंत गेला होता. १८८८ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यानें तेथील पार्लमेंटानें तो मिटविला : सायकल हें रस्त्याच्या कायद्यापुरतें वाहनच होय असें त्यांत जाहीर झालें, आणि त्याबरोबर रात्रीं दिवा लावण्याचें व पुढच्या माणसास सूचना देण्याचें बंधनही तिच्यावर आलें. हक्क आणि बंधन एकाच कलमांत आलीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्याकडील लेख याहून बळकट आहे. १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें नगरपालिकांस आपल्या हद्दींत वापरल्या जाणाऱ्या वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार दिला. पुढें १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आला. त्यांत 'वाहन' या शब्दाची व्याख्या करतांना गाडी, छकडा, हातगाडी यांच्याच ओळींत सायकल आणि तीनचाकी सायकल यांचीं नांवें घातलीं आहेत, आणि मोटारही त्याच ओळींत आहे. त्याच अधिनियमाच्या १२७ व्या कलमांत महानगरपालिकेनें बसवावयाच्या करांमध्यें मालमत्तेवरील करानंतर लगेच वाहनें, होड्या व जनावरें यांवरील कर सांगितला आहे. रस्ते बांधणें, नीट राखणें, त्यांवर दिवाबत्ती करणें व त्यांतील अडथळे काढणें हीं महानगरपालिकेचीं आवश्यक कर्तव्यें म्हणून ६३ व्या कलमांत नमूद आहेत. १ ऑक्टोबर १९८२ रोजीं ठाण्याची आणि १ ऑक्टोबर १९८३ रोजीं कल्याणची महानगरपालिका अस्तित्वांत आली ती याच अधिनियमाखालीं. म्हणजे ज्या सनदेनें या संस्था जन्मल्या त्याच सनदेंत सायकलीचें नांव मोटारीच्या शेजारीं लिहिलेलें आहे, आणि तें एका पायरीनें खालीं लिहिलेलें नाहीं.

भोगवट्याचें महत्त्वही कायद्यानें मानलें आहे. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यानें खाजगी जमिनीवरील वाटेचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीनें पक्का होतो. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यांत तर 'रस्ता' या शब्दांतच लोक ज्यावरून वीस वर्षें अखंड येत-जात आले आहेत अशी वाट धरली आहे. गोतसभेचें भुक्तिप्रमाण इंग्रजी वेष घेऊन कायद्याच्या पुस्तकांत बसलें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तिसरा लेख स्थापत्यशास्त्राचा. १९३४ मध्यें स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें १९६२ मध्यें सायकलमार्गांची रचना कशी असावी याचा दंडक प्रसिद्ध केला. त्यांत असें आहे कीं, ज्या रस्त्यावर गर्दीच्या तासांत ४०० किंवा अधिक सायकली जातात व मोटारी तासास १०० ते २०० आहेत, तेथें सायकलींस निराळा मार्ग द्यावा. मोटारी तासास २०० हून अधिक असतील तर सायकली १०० असल्या तरीही तो समर्थनीय आहे. दुहेरी सायकलमार्गाची किमान रुंदी २ मीटर सांगितली आहे. या दंडकाची सुधारलेली आवृत्ति २०१५ मध्यें निघाली. वागळे इस्टेटींत औद्योगिक महामंडळ ज्या वर्षीं स्थापन झालें त्याच वर्षीं हा दंडक छापला गेला, हा योगायोग सूचक आहे : वसाहत आंखणाऱ्यांच्या हातीं माप होतें.

चवथा लेख २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा. रस्त्याची जागा वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबानें न्याय्य रीतीनें वांटावी, आणि पायीं व सायकलीनें जाणाऱ्यांस प्राधान्य असावें, असें त्यांत केंद्र सरकारनें स्पष्ट म्हटलें आहे.

५

साक्षी दोन प्रकारचे : वस्तु आणि शब्द.

वस्तूंपैकीं मुख्य म्हणजे सायकलीचा बिल्ला. महाराष्ट्रांतील अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत व पावतीबरोबर धातूचा लहानसा बिल्ला देत. तो सायकलीस अडकवावा लागे व वर्ष बदललें कीं बदलावा लागे. बिल्ला नसेल, दिवा नसेल, किंवा मागें दुसरा मनुष्य 'डबलसीट' घेतला असेल तर पोलीस अडवीत व दंड करीत. आज हें कोणास गमतीचें वाटेल. पण सारा भरल्याची पावती ही कबजाचा पुरावा मानणाऱ्या आम्हां कागदवाल्यांस त्या बिल्ल्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ज्याच्याकडून रस्त्याबद्दल वर्षानुवर्षें पैसे घेतले, नियमभंगाबद्दल ज्यास दंड केला, तो रस्त्यावरचा उपरा कसा होईल?

तासाच्या भाड्यानें सायकली देणारीं दुकानें, तेथील नांवनिशी व वेळ टिपलेल्या वह्या, स्टेशनाबाहेरील, शाळेंतील, चित्रपटगृहांतील व कारखान्यांतील सायकल-स्टँड, त्यांचे पत्र्याचे नंबर हे सर्व याच साक्षीचे भाग होत. एखाद्या गांवीं स्टँडची जागा किती होती हें कळलें तर तेथें सायकली किती होत्या हेंही कळतें.

शब्दाची साक्ष याहून मार्मिक आहे. 'दुचाकी' म्हणजे दोन चाकांची गाडी. सायकलीस या शब्दाचा हक्क मोटारसायकलीइतकाच, किंबहुना आधीचा. पण आजच्या वृत्तपत्रांत 'दुचाकीस्वार' म्हटलें कीं वाचक इंजिनवालाच समजतो. पायांनीं चालविणाऱ्यास मुद्दाम 'सायकलस्वार' म्हणावें लागतें. बिल्ल्याचीही तीच गत झाली. सायकलीचा बिल्ला गेला, आणि रस्त्यावरील ओळख म्हणून मोटारींचे एम.एच. ०४ व एम.एच. ०५ हे आंकडे तेवढे राहिले. भाषेंत ज्याची जागा गेली त्याची रस्त्यांतही गेली असा हा क्रम आहे.

६

बेदखली कशी झाली याचा कोणा एका दिवसाचा कागद मिळणार नाहीं. कारण ती हुकुमानें झाली नाहीं, ओघानें झाली.

२०११ च्या जनगणनेंत ठाणें शहराची लोकसंख्या १८,४१,४८८ व कल्याण-डोंबिवलीची १२,४७,३२७ भरली. माणसें वाढलीं, मोटारी त्यांहून वेगानें वाढल्या, आणि प्रत्येक अडचणीवर रस्ता रुंद करणें किंवा उड्डाणपूल बांधणें हाच उपाय ठरत गेला. रुंद केलेल्या पट्टींत मोटारी उभ्या राहूं लागल्या. कडेचा जो दोन हातांचा भाग सायकलस्वाराच्या वांट्यास होता तो गटाराच्या झांकणांनीं, खड्ड्यांनीं व उभ्या वाहनांनीं व्यापला. ठाण्याचा तीन हात नाका पाहावा : नांवानें नाका, पण थांबण्याची जागा कोणासच नाहीं, आणि सायकलस्वारानें तो ओलांडणें म्हणजे साहसच.

कल्याणच्या पत्री पुलाचें उदाहरण विशेष बोलकें आहे. कल्याण व डोंबिवली यांना जोडणाऱ्या वाटेवर लोहमार्गावरील हा पूल १९१४ मध्यें बांधला गेला. तो धोक्याचा झाल्यामुळें नोव्हेंबर २०१८ मध्यें पाडण्यांत आला, व नवा पूल जानेवारी २०२१ मध्यें खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूलही २०१९ मध्यें वाहनांस बंद होऊन २०२१ मध्यें नव्यानें उघडला. या मधल्या काळांत मोटारींचा किती खोळंबा झाला याची चर्चा पुष्कळ झाली. कल्याण व डोंबिवली या स्टेशनांमधील अंतर पांच-सहा किलोमीटरांचें. सायकलीनें तें सुमारें अर्ध्या तासाचें काम. पुलाअभावीं हा अर्ध्या तासाचा मनुष्यही अडला होता, पण त्याचा खोळंबा कोणी मोजल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

तरी हा वहिवाटदार नाहींसा झालेला नाहीं. पहाटे वर्तमानपत्रें टाकणारा, दुधाच्या किटल्या नेणारा, पाव व खारी विकणारा, चहाचा थर्मास घेऊन फिरणारा, रात्रपाळीचा पहारेकरी, औद्योगिक वसाहतींतील कामगार आणि शाळेंतील मुलें हे सर्व आजही या रस्त्यांवर आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणें भारतांतील शेंकडा ४४.८ घरांत सायकल होती, आणि मोटारगाडी शेंकडा ४.७ घरांत. २०२२ मध्यें देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. पानिपतच्या बखरींतील आंकडे वाचतांना आपण हळहळतों. येथें तर एक रणांगण दरवर्षीं भरतें, आणि त्याची बखर लिहिण्यास कोणी बसत नाहीं.

७

पूर्वपक्षाचीं तीन म्हणणीं आम्ही नेहमीं ऐकतों. त्यांचा विचार करूं.

पहिलें : आज सायकलस्वार रस्त्याचा कर देत नाहीं, मोटारवाला देतो. याचें उत्तर असें कीं, मोटारींवरील कर राज्य सरकारच्या तिजोरींत जातो. नगरांतील आळ्या व रस्ते यांची निगा महानगरपालिका आपल्या सर्वसाधारण उत्पन्नांतून करते, व त्या उत्पन्नांत सायकलस्वाराच्या घराचा किंवा खोलीचाही वांटा आहे. शिवाय सायकलीवरील कर वसूल करणें सोडलें तें सरकारदरबारानें. सायकलस्वारानें हक्क सोडल्याचें फारकतीचें पत्र कोठेंही नाहीं.

दुसरें : सायकलस्वार आतां थोडे उरले. यास जुन्या व्यवहाराचेंच उत्तर आहे. दुष्काळानें, स्वारीनें किंवा जुलमानें मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास बुडत नसे. तो किंवा त्याचा वंशज परत आला, आणि ओळख पटली, म्हणजे त्यास आपली जमीन मागतां येई. भीतीनें जो रस्त्यावरून गेला त्याच्या गैरहजेरीचा लाभ भीति घालणाऱ्यास मिळूं नये, हें न्यायाचें साधें सूत्र आहे. आईबाप मुलास सायकलीनें शाळेंत पाठवीत नाहींत, याचा अर्थ मुलास सायकल नको असा नव्हे.

तिसरें : आमचे रस्ते अरुंद आहेत. खरें आहे, पण अरुंद रस्त्यावर सर्वांत अधिक जागा कोण अडवतो? एका मोटारीच्या जागेंत दहाच्या आसपास सायकली उभ्या राहतात. अरुंदपणा हें सायकल वर्ज्य करण्याचें कारण नसून मोटारीचा वेग उतरविण्याचें कारण आहे. आघाताचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो; ताशीं ३० किलोमीटरांऐवजीं ५० नें जाणाऱ्या त्याच मोटारीच्या अंगीं सुमारें पावणेतीन पट जोर असतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यांत, जेथें पादचारी, सायकलस्वार व मोटारी एकत्र वावरतात तेथें वेगाची कमाल मर्यादा ताशीं ३० किलोमीटर असावी असें सांगितलें आहे.

८

मग निवाडा काय? परत कबजा कसा द्यावा हें रस्त्याच्या वयावरून ठरतें, असें आम्हांस वाटतें.

जुन्या गांवठाणांत, म्हणजे पारनाका, टेंभी नाका, जांभळी नाका यांच्या परिसरांत, निराळा पट्टा आंखण्यास जागा नाहीं व गरजही नाहीं. तेथें रस्त्यास त्याची मूळ मंद गति परत द्यावी, दोहों कडांस मोटारी उभ्या करण्याची मुभा काढावी, आणि जड वाहनांस दिवसाची बंदी असावी. घोडबंदर रस्ता, कल्याण-शिळ रस्ता यांसारख्या रुंद व वेगवान मार्गांवर मात्र रंगाचा पट्टा ओढून भागणार नाहीं. त्या पट्ट्यावर दुसऱ्या दिवशीं मोटारी उभ्या राहतात. तेथें १९६२ पासून सांगितलेला निराळा, उंचीनें किंवा कठड्यानें तोडलेला मार्गच पाहिजे, आणि तो नाक्यापाशीं येऊन संपतां कामा नये. कारण जीवाला धोका नाक्यावरच अधिक. पुलांवर, म्हणजे पत्री पूल, कोपर, कळवा, दुर्गाडी येथें, सायकलीस सलग वाट असावी. जेथें एकच पूल आहे तेथें सायकलस्वारास दुसरा रस्ता नसतो.

लहान गोष्टींकडेही दुर्लक्ष नको. गटाराच्या जाळीच्या सळ्या चाकाच्या दिशेनें बसविल्या तर चाक त्यांत अडकतें. त्याच आडव्या बसविल्या तर अडकत नाहीं. कोंकणच्या पावसांत पाण्याखालचा खड्डा दिसत नाहीं, म्हणून कडेचा भाग आधीं दुरुस्त व्हावा. ठाणें, डोंबिवली व कल्याण या स्टेशनांवर राखणीचा व छपराचा सायकल-स्टँड असावा. झाडाखालीं पेटी घेऊन बसणारा पंक्चरवाला अतिक्रमण म्हणून हटविला जाऊं नये. सायकलस्वाराची धर्मशाळा तीच.

हें होणारें नव्हे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हॉलंडचा इतिहास पाहावा. सायकलींचा देश म्हणून आज त्याची ख्याति आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंही मोटारींनीं सायकलींस रस्त्यावरून हुसकून लावलें होतें. १९७१ मध्यें त्या लहानशा देशांत रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं, त्यांत शेंकडों मुलें होतीं. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलटंचाईनें त्यांच्या म्हणण्यास जोर आला, आणि मग तेथील रस्ते पुन्हां घडविले गेले. आपल्याकडेही रस्त्याचा धनी बदलतां येतो याचें एक घरगुती उदाहरण आहे. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेस हजारों माणसें पायीं लोटतात व मोटार आपण होऊन बाजूस राहते. एक दिवस ज्या रस्त्यास हें साधतें त्यास तीनशें चौसष्ट दिवस थोडा वेग उतरविणें अशक्य कसें?

९

शेवटीं आपल्या संग्राहक मित्रांस एक विनंती करावयाची आहे.

वर दिलेल्या पुराव्यांत कायदे व दंडक छापील आहेत. ते नष्ट होण्याचें भय नाहीं. भय आहे तें साक्षीच्या कागदांचें. सायकलकराच्या पावत्या, बिल्ले, नगरपालिकेचीं वाहनकराचीं खातीं व सभांचे ठराव, भाड्याच्या दुकानांच्या वह्या, स्टँडचे नंबर, विक्रेत्यांचीं दरपत्रकें, कारखान्यांच्या फाटकाबाहेरचीं छायाचित्रें हीं सर्व आज रद्दीच्या भावानें जात आहेत. ज्यांच्या दफ्तरांत मोडी रुमाल जपून ठेवले आहेत त्यांनीं या कागदांसही एक रुमाल द्यावा. प्रत्येक वस्तूबरोबर ती कोठून, कोणत्या गांवाची, कोणत्या सालची व कोणाच्या वापरांतली एवढें टिपून ठेवावें. बिल्ला घांसून उजळवूं नये, कारण पुसट आंकडा एकदां गेला कीं साल गेलें. १८६६ पासून ठाण्यास निघूं लागलेल्या 'अरुणोदया'सारख्या जुन्या वृत्तपत्रांचे अंक कोणाकडे असतील तर त्यांतील रस्ते, दिवाबत्ती व वाहनें यांविषयींचा मजकूर उतरून घ्यावा. १८९३ मध्यें स्थापन झालेलें ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८६४ पासूनचें कल्याणचें सार्वजनिक वाचनालय यांसारख्या संस्था या नगरांत आहेत. असा संग्रह त्यांच्या छपराखालीं शोभेल.

यांत निव्वळ जिज्ञासा नाहीं. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणें शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या वेळीं सायकलस्वाराच्या बाजूनें जो कोणी उभा राहील त्याच्या हातीं भावनेऐवजीं कागद असावा. अमुक सालीं या नगरांत इतक्या सायकलींनीं कर भरला, अमुक रस्त्यानें कारखान्याची पाळी येत-जात होती, अमुक जागीं नगरपालिकेचा स्टँड होता, असें त्यास दाखवितां आलें, तर त्याचें बोलणें विनवणीचें राहणार नाहीं, दाव्याचें होईल. गोतापुढें पुरावा ठेवणाऱ्यास न्याय मिळेलच असें जुन्या काळींही नव्हतें. पण ज्याच्याजवळ पुरावा नव्हता त्याचें म्हणणें ऐकूनही घेतलें जात नसे.